हवालदाराची साखर

माझ्या डाव्या पायाला तीन बोटं आहेत. उरलेली दोन कुठे गेली असं कुणी विचारलं, की मी बरीच वर्षं "ड्युटीवर गेली" एवढंच सांगत असे. समोरच्याला वाटायचं, दरोडेखोरांशी झटापट झाली असेल. मी ते वाटू देत असे. खरं म्हणजे ती साखरेनं गेली, आणि थोडी माझ्या हट्टानं.

मी बशीर मुलाणी, पोलीस हवालदार. मूळ गाव कासार आंबोली. नोकरी बहुतेक सगळी मुळशी तालुक्यातच झाली. हे लिहितोय तेव्हा या दुखण्याला दहा वर्षं झालीत आणि नोकरीची चार उरलीत. मला लिहायची सवय पंचनाम्यांची, त्यामुळे भाषा कोरडी वाटली तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. औषधांची नावं आणि डोस मी सांगणार नाही, ते डॉक्टरांना विचारावं. मला काय झालं आणि मी काय केलं, तेवढं सांगतो. आमच्या खात्यात गोळी लागून गेलेल्याचं नाव फलकावर लागतं. साखरेनं, रक्तदाबानं, पोटातल्या अल्सरनं गेलेला माणूस फक्त हजेरीपटातून कमी होतो. म्हणून लिहावंसं वाटलं.

तहान

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. तहान फार लागायची. ठाण्यातला माठ दुपारपर्यंत रिकामा व्हायचा आणि त्यातला निम्मा मी प्यायलेला असायचा. मागच्या भिंतीकडे किती वेळा जातो हे मोजायचं मी सोडून दिलं होतं. वजन उतरत होतं. लोक म्हणायचे, हवालदार चांगले सडपातळ झाले. मलाही बरं वाटायचं.

त्या दिवसांत मला एक आरोपी पुण्याच्या कोर्टात हजर करायचा होता. भिवा नाव, माले गावचा, हातभट्टीच्या केसमधला. वय साठीच्या आसपास. अशा कामाला दोन माणसं लागतात, पण माणसं कमी होती म्हणून मी एकटाच निघालो. भिवाच्या मनगटात बेडी, बेडीला दोरी, दोरीचं टोक माझ्या हातात, असे आम्ही एसटीत बसलो.

पिरंगुटला मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. भिवाला घेऊन उतरलो, झाडामागे गेलो, परत आलो. घाट उतरायच्या आत पुन्हा थांबवावी लागली. तेव्हा लोक कुजबुजायला लागले, कंडक्टर घड्याळ बघायला लागला. शहर दिसायला लागल्यावर तिसऱ्यांदा उतरलो. त्या वेळी एवढी घाई झाली होती की एका हातानं बटणं सुटेनात. मी भिवाची दोरी भिवाच्याच हातात दिली. समोर मोकळं रान होतं. तो गेला असता तर माझी नोकरी गेली असती. तो पाठ फिरवून उभा राहिला आणि माझं झाल्यावर दोरी परत माझ्या हातात दिली.

गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळानं तो हळू आवाजात बोलला. "हवालदार, राग मानू नका. माझ्या थोरल्या भावाचं आसंच व्हतं. दोन वर्सांत गेला. तुमी लघवी तपासून घ्या."

मी त्याला त्याच्या केसचं बघायला सांगितलं. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि तो माझ्याआधी गावी पोचला. त्यानं सांगितलेली गोष्ट मी चार महिने कुणाजवळ बोललो नाही. आरोपीचं काय ऐकायचं, असं वाटलं असेल. त्याहीपेक्षा, त्याचं खरं निघेल अशी भीती होती. ते आता कळतं.

बूट

हिवाळ्यात नवे बूट मिळाले. मला आठ नंबर लागतो, आले ते सात. बदलून मागितले असते तर मिळाले असते, पण त्यासाठी अर्ज करा, पुण्याला खेप घाला, म्हणून मी तेच घातले. चामडं सैल होतं पुढे, असं सगळेच म्हणत.

पुढल्याच आठवड्यात मुळशी धरणाकडे मोठे पाहुणे येणार म्हणून बंदोबस्त लागला. तीन दिवस रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. पाहुणे आज येणार, उद्या येणार असं चाललं होतं. जेवणाची पाकिटं एके दिवशी दुपारी चारला आली, एके दिवशी आलीच नाहीत. चहा मात्र कुणी ना कुणी आणून देत होतं आणि आम्ही तो पीत होतो, भरपूर साखरेचा. बावीस वर्षं मी तसाच जगत आलो होतो. भूक लागली की चहा, झोप आली की चहा, वाट बघायची असली की चहा.

करंगळीला बूट लागत होता हे मला माहीत होतं. पण दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी धरून चाललो. पाय बधिर होत चाललाय म्हणून दुखत नाही, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी घरी आलो आणि मोजा काढायला बसलो, तो निघेना. माझी बायको रशिदा चुलीजवळून उठून आली. तिला आधी वास आला. तिनं कोमट पाणी आणून मोजा भिजवला आणि हळूहळू सोडवला. करंगळी आणि शेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं आणि पाऊल वरपर्यंत सुजलं होतं.  तिनं पातेलं बाजूला ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, चला दवाखान्यात.

विटकरी रंग

ठाण्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर तरुण होते, नुकतेच आलेले. त्यांनी पाय बघितला आणि पायाबद्दल काही न विचारता तहान किती लागते ते विचारलं. मग एका काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग भाजलेल्या विटेसारखा रंग आला. पुढे तो रंग मी शेकडो वेळा बघितला, पण पहिल्यांदा बघताना तो मला चांगला वाटला होता. मला वाटलं, रंग आला म्हणजे औषध लागू पडलं.

डॉक्टर म्हणाले, "हवालदार, तुम्हाला साखर आहे, पुष्कळ आहे. आणि या पायाला आजच पुण्याला न्यायचं. उद्या नाही."

त्या क्षणी काय वाटलं असं लोक विचारतात. मला काहीच वाटलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच आलं की मुद्देमालाच्या खोलीच्या किल्ल्या माझ्या खिशात आहेत आणि त्या जमा केल्याशिवाय मला गाव सोडता येत नाही. मी लंगडत ठाण्यात गेलो. फौजदारसाहेब कामात होते. पायाला फोड आला म्हणून सिक रजा कशाला, असं त्यांनी मान वर न करता विचारलं. मी पाय खुर्चीवर ठेवला आणि फडकं सोडलं. त्यांनी बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि मेमोवर सही केली. मी किल्ल्या मोजून दिल्या, पोच घेतली आणि मग गाडीत बसलो. रशिदा शेजारी होती. मुलगी शमीम चौदा वर्षांची, तिला शेजारच्यांकडे ठेवलं होतं. रस्त्यात मी रशिदाला म्हणालो की दोन दिवसांत येऊ. ती खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "तुमी आता गप ऱ्हावा."

वॉर्ड

पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये मी सत्तेचाळीस दिवस होतो. सर्जन कमी बोलणारे होते. ते म्हणाले, आज दोन बोटं काढतो, आठ दिवसांनी आलात तर गुडघ्यापासून पाय काढावा लागेल. मी विचारलं, चालता येईल का. येईल म्हणाले, पळता येणार नाही. पोलिसाला पळावं लागतं, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी पळालात?" मी आठवून बघितलं. सहा वर्षं झाली असतील. मी सहीसाठी कागद मागितला.

ऑपरेशननंतर पाच-सहा दिवस मी ड्रेसिंगच्या वेळी छताकडे बघत असे. मग एके सकाळी खाली बघितलं. पाय माझाच होता, फक्त मध्येच संपल्यासारखा. मी पुन्हा छताकडे बघितलं. दुपारी चादर तोंडावर घेतली आणि रडलो. शेजारच्यानं ते ओळखलं आणि रेडिओचा आवाज वाढवला. हे त्याचे उपकार.

तो शेजारी शहरातला वाहतुकीचा हवालदार होता, पायाच्या शिरा फुगल्या म्हणून आलेला. समोरच्या खाटेवर आमच्याच खात्यातला एक ड्रायव्हर होता, पोटातून रक्त पडत होतं. कोपऱ्यात एक जमादार, छातीच्या दुखण्यानं आलेला. चार खाटा, चौघेही पोलीस. सकाळी सहाला लघवीच्या बाटल्या गोळा व्हायच्या, सातला सुई, आठला चहा, माझा बिनसाखरेचा. अकराला जेवण. रोज अकरालाच. ड्रायव्हर एकदा म्हणाला की लग्नाच्या दिवसानंतर आपण सलग दोन दिवस एकाच वेळेला जेवलो ते इथंच. आम्ही हसलो, मग बाकीचे तिघे आपापलं आठवायला लागलो, आणि कुणालाच दुसरं उदाहरण सापडेना.

जमादार एके सकाळी उठलेच नाहीत. त्यांची खाट दुपारपर्यंत रिकामी राहिली.  जेवण आलं तेव्हा आम्ही तिघांनी ते पूर्ण खाल्लं.

वांगं

घरी गेल्यावर रोज सकाळी सुई घ्यावी लागणार होती. माझा हात थरथरायचा. वॉर्डातल्या सिस्टर रशिदाला म्हणाल्या की तूच शीक. रशिदाला अक्षर येत नव्हतं, आकडेही फार नाहीत. आणि सुईची तिला एवढी भीती की शमीमला देवी टोचताना ती बाहेर जाऊन बसली होती.

सिस्टरनी तिच्या हातात काचेची सिरिंज, पाणी आणि स्वयंपाकघरातून मागवलेलं एक वांगं दिलं. तीन दिवस ती खाटेच्या कडेला बसून वांग्याला सुया देत होती. चौथ्या दिवशी सिस्टरनी माझी बाही वर केली. रशिदानं डोळे मिटले. सिस्टर म्हणाल्या, मिटायचे असतील तर त्याला मिटू दे, तू उघडे ठेव. तिनं उघडे ठेवले. मला काही कळलंसुद्धा नाही.

घरी शमीमनं सिरिंजवर जिथपर्यंत औषध भरायचं तिथे नेलपॉलिशची बारीक लाल रेघ ओढून दिली. सिरिंज उकळायचं पातेलं वेगळं ठेवलं. त्या पातेल्यात दुसरं काही शिजवायचं नाही, असा घरात नियम झाला. रशिदानं तो इतक्या कडकपणे पाळला की एकदा पाहुण्यांसाठी भांडं कमी पडलं तर ती शेजारी मागायला गेली.

गुरांचा दवाखाना

औषधाची बाटली थंड ठेवावी लागते. क्वार्टरमध्ये फ्रीज कुठला. मार्च सरेपर्यंत ओल्या फडक्यात, माठाजवळ ठेवून भागलं. एप्रिलमध्ये औषध गढूळ दिसायला लागलं आणि माझी साखर पुन्हा विटकरी यायला लागली.

गावात फ्रीज एकच होता, गुरांच्या दवाखान्यात, लशींसाठी. तिथल्या डॉक्टरांकडे मी कचरत गेलो. त्यांनी काही न विचारता खालचा कप्पा मोकळा करून दिला आणि चिठ्ठी लावली: "माणसाचं औषध. हात लावू नये." तेव्हापासून रोज सकाळी रशिदा सिरिंज घेऊन आणि मी काठी घेऊन असे आम्ही दोघे गुरांच्या दवाखान्यात जायचो. बैल, म्हशी, शेळ्या रांगेत असायच्या आणि आतल्या खोलीत माझी सुई व्हायची.

गावात चर्चा सुरू झाली. हवालदारांनी म्हैस घेतली काय, इथपासून हवालदारांचं डोकं फिरलंय इथपर्यंत. एका म्हातारीनं तोंडावर विचारलं, "तुमाला हितं काय व्हतंय? हितं तर जनावरं आणत्यात." मी सांगितलं की मलाही तेच औषध लागू पडतं. तिनं ते खरं धरलं आणि पुढे कित्येक दिवस माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत होती.

ताट

चांगलं तेवढंच सांगावंसं वाटतं, पण एक सांगायला हवं. मी घरात त्रास दिला. आवाज चढवायची सवय नोकरीत लागते आणि तिचा उपयोगही होतो. दुखण्यात ती सगळी घरावर निघाली. चहात साखर नाही, भात नाही, ताटात रोज कारलं नाहीतर मेथी. नोकरीला मी लायक उरलोय का, याबद्दल मेडिकल बोर्डानं काय ठरवलंय ते कळत नव्हतं. कायमचा नालायक ठरवलं असतं तर क्वार्टर सोडावं लागलं असतं, शमीमची शाळा सुटली असती.

अशाच एका दुपारी मी ताट भिरकावलं. भाजी भिंतीवर उडाली. शमीम कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती, ती तशीच उठून बाहेर गेली. रशिदानं भिंत पुसली, फरशी पुसली, मग माझ्यासमोर येऊन बसली.

"आवाज ठाण्यात लावा," ती म्हणाली. "हितं तुमी हवालदार न्हाई. आन् पोरीला घाबरवलं तर मी सुई देनार न्हाई."

सुई देताना बोलते तशा शांत आवाजातच तिनं ते सांगितलं. मी संध्याकाळी शमीमकडे गेलो, पण माफी मागता आली नाही. तिच्या वहीला पुठ्ठा घालून दिला. ताट मात्र पुन्हा फेकलं नाही.

रमजान

बोर्डाचा निर्णय जूनमध्ये आला. नोकरी राहिली. धावपळीचं काम नाही, बसून करायचं, असं ठरलं आणि मला आलेल्या-गेलेल्या कागदांची नोंद करायच्या टेबलावर बसवलं. गरज पडेल तेव्हा हलका बंदोबस्त.

त्या वर्षी रमजान पावसाळ्यात आला. डॉक्टरांनी रोजा धरायला साफ मनाई केली होती. मी लहानपणापासून एकही रोजा चुकवला नव्हता, बंदोबस्तातसुद्धा. कासार आंबोलीला माझे थोरले भाऊ रहिमानभाई शेती करायचे, ते भेटायला आले आणि म्हणाले की रोजा सुटला म्हणजे सगळंच सुटलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटत होतं की मी दुखण्यापुढे वाकत चाललोय.

मी रोजे धरले. रशिदाला सांगितलं की सुई परस्पर कंपाउंडरकडून घेतो, आणि घेतली नाही. चौथ्या दिवशी पायाची भरलेली जखम पुन्हा ओली झाली. रशिदा गुरांच्या दवाखान्यात गेली आणि बाटली जशीच्या तशी आहे हे बघून आली. त्या संध्याकाळी अजान झाली, शमीमनं खजूर तोंडात घातला, रशिदा मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तुम्ही उद्या सकाळी जेवणार असं कबूल केल्याशिवाय मी रोजा सोडणार नाही, असं तिनं सांगितलं. अर्धा तास गेला. ती पाण्याचा घोटही प्यायली नाही. शेवटी मी कबूल केलं.

पुढे मशिदीतल्या एका वडीलधाऱ्यांनी रहिमानभाईंना समजावलं की आजारी माणसाला सूट आहे, त्यानं रोज एका भुकेल्याला जेवू घालावं. बाजारात एक निराधार म्हातारी बसायची, तिला आम्ही महिनाभर जेवण दिलं. दुपारी घरात सगळे उपाशी असताना मी एकटा दाराआड बसून भाकरी खायचो. बोटं कापली त्यापेक्षा ते मला जड गेलं.

बाजाराचा दिवस

दिवाळीच्या आधीचा बाजार होता. गर्दी फार, म्हणून मला चौकात उभं केलं. सकाळची सुई झालेली होती. दहाला सोडतो म्हणाले होते, बारा वाजले तरी बदली माणूस आला नाही. मी जागा सोडली नाही. आधी घाम सुटला, मग हात कापायला लागले. समोरच्या टेम्पोवाल्याला मागे घे म्हणायचं होतं, पण शब्द जिभेवर गोळा होत होते. कुणीतरी म्हणालं, हवालदार पिलेत. मला ते ऐकू आलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर काहीतरी भलतंच बाहेर पडलं. मग मी भाजीच्या एका पाटीवर बसलो.

फौजदारसाहेब जीपनं आले. गणवेशात, भर बाजारात, झोकांड्या खाणारा हवालदार. त्यांनी दारूच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली आणि मला जीपमध्ये घालायला सांगितलं. त्या तपासणीत दोषी निघालो असतो तर निलंबन. मी दारूला आयुष्यात हात लावला नव्हता आणि ते सांगायला मला तीन शब्द जुळवता येत नव्हते.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. माझा हात हातात घेतला, घाम बघितला आणि पेलाभर पाण्यात मूठभर साखर कालवून मला पाजली. दहा मिनिटांत खोलीतल्या वस्तू आपापल्या जागी आल्या. दारात फौजदारसाहेब उभे होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की सुई घेतलेल्या माणसाला वेळेवर जेवण मिळालं नाही तर हे असं होतं, आणि आणखी तासभर गेला असता तर तुम्ही दुसऱ्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहिली असती, पोस्टमार्टमच्या.

साहेबांनी दारूची चिठ्ठी परत घेतली, घडी घालून खिशात टाकली आणि निघून गेले. त्यांनी माफी मागितली नाही. माझीही ती अपेक्षा नव्हती.

साडेबारा

पुढच्या बाजाराला मला पुन्हा चौकात उभं केलं. साडेबारा झाले. बदली माणूस नव्हता. मी शिट्टी खिशात टाकली, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो आणि पिशवीतला डबा उघडला. दोन भाकरी, मेथी, कांदा. चौकात बैलगाड्या आणि टेम्पो एकमेकांत अडकले होते आणि सगळा बाजार हवालदाराला जेवताना बघत होता. खात्यात इतकी वर्षं काढली, पण एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.  तरी चावत राहिलो.

जीप आली. साहेब खाली उतरले. मी उभा राहिलो, डबा हातात तसाच.

"साहेब, माझी जेवणाची वेळ झाली," मी म्हणालो.

त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, मग जीपच्या ड्रायव्हरला चौकात जाऊन गाड्या सोडवायला सांगितलं. मला बस म्हणाले. मी बसलो आणि दुसरी भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवाटपाच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलेलं होतं: जेवण, साडेबारा ते एक. बाकी कुणाच्या नावापुढे तसं काही नव्हतं.

महिनाभरात तिघाचौघांनी मला चेष्टेनं विचारलं की हा रोग जडवून घ्यायला काय करावं लागतं. त्यात एक शिपाई कांबळे होता, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कबड्डीचा खेळाडू. तो हसत होता तेव्हा माझं लक्ष त्याच्या कमरेकडे गेलं. पट्टा आवळायला त्याला खिळ्यानं नवी भोकं पाडलेली होती, एक नाही, दोन. मी त्याला दवाखान्यात जायला सांगितलं. तो नको म्हणाला. मी हवालदार म्हणून हुकूम दिला, तेव्हा गेला.

दोन तासांनी तो परत आला आणि हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवला. तोंड उतरलं होतं. तो काय विचारणार ते मला माहीत होतं, आणि त्याची उत्तरं लांबलचक होती.

मी घड्याळ बघितलं. दोन वाजून गेले होते. "जेवलास का?"

"न्हाई. सायबांनी तिकडं नाक्यावर जायला सांगितलंय."

"आधी जेव. मग बोलू."

"सायबांना काय सांगू?"

"तू नको सांगूस," मी म्हणालो. टोपी घातली, काठी घेतली आणि साहेबांच्या खोलीकडे निघालो.